निरोप

विज्ञानकथा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? चकचकीत याने, निळेहिरवे प्राणी, हातातल्या पिस्तुलातून सुटणारे प्रकाशाचे किरण. मी जिच्याविषयी लिहिणार आहे त्या कथेत हे सगळे आहे. प्राणी निळे आहेत, त्यांच्या डोक्याला शिंगांसारखे कोंब आहेत, एक खून आहे, एक हेर आहे आणि शेवटी अवकाशात लढाईही आहे. पण त्या सगळ्या पसाऱ्याचा जीव अडकला आहे तो एका अगदी घरगुती प्रश्नात : अठरा वर्षे अबोला धरलेले बापलेक एकमेकांशी बोलणार की नाही?

'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या वर्षातला हा भाग. नाव 'जर्नी टू बेबल'. १७ नोव्हेंबर १९६७ रोजी तो तिकडे प्रथम दाखवला गेला. लिहिला डी. सी. फोंटाना यांनी. यातली 'डी' म्हणजे डोरथी. लेखन बाईचे आहे हे वाचण्याआधीच कुणाला कळू नये म्हणून त्या नुसती आद्याक्षरे लावीत. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गात या मालिकेचा एकदा सहज उल्लेख केला. १९८० नंतरच्या काळात ती आपल्या दूरदर्शनवर लागे आणि शेजाऱ्यांच्या घरी जमिनीवर बसून सरांनी ती पाहिली होती. मला ती मोबाईलवर मिळाली. मी पडलो दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या, चित्र थांबवायचे, शब्दकोश पाहायचा, पुन्हा सुरू करायचे. पन्नास मिनिटांचा भाग संपवायला पहिल्या खेपेस मला दोन तासांच्या वर लागले. एका अर्थी बरेच झाले. भरभर पाहणाऱ्याच्या नजरेतून जे निसटते, तिथे मला मुक्काम करावा लागला.

'बेबल' हे नावही शब्दकोशात शोधावे लागले. बायबलात एक गोष्ट आहे. सगळ्या माणसांची भाषा एक होती तेव्हा त्यांनी आभाळाला टेकणारा मनोरा बांधायला घेतला. देवाने त्यांच्या भाषाच वेगवेगळ्या करून टाकल्या, एकाचे दुसऱ्याला कळेना आणि मनोरा अर्धा राहिला. त्या मनोऱ्याचे नाव बेबल. आमच्या बेळगावात राहणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको! या कथेत बेबल हे एका परिषदेचे ठिकाण आहे. निरनिराळ्या ग्रहांचे ११४ प्रतिनिधी, त्यांतले ३२ राजदूत, एंटरप्राइझ नावाच्या यानातून तिकडे निघाले आहेत. कोरिडन नावाच्या, खनिजाने श्रीमंत पण वस्तीने विरळ ग्रहाला आपल्या संघात घ्यायचे की नाही, यावर तिथे निर्णय व्हायचा आहे. त्या खनिजाची चोरटी खाण चालवणाऱ्यांना अर्थातच तो नको आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा भाग चटकन कळतो. असो.

गंमत अशी की या यानावर कुणालाही कुणाची भाषा कळत नाही असे कुठेच होत नाही. निळा निळ्याशी बोलतो, डुकरासारख्या नाकाचा हिरव्या रक्ताच्याशी भांडतो, सगळे सगळ्यांना समजते. बोलत नाहीत ते फक्त दोघे, ज्यांची भाषा एक आहे.

त्यातला एक स्पॉक. यानावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. वडील सारेक हे व्हल्कन ग्रहाचे राजदूत आणि आई अमांडा ही पृथ्वीवरची, म्हणजे आपल्यातली. व्हल्कन लोक भावना दाखवीत नाहीत. तर्काला पटेल तेच बोलायचे, तेच करायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. सारेक आणि अमांडा यानात येतात तेव्हा कॅप्टन कर्कला यांतले काहीच ठाऊक नसते. तो भाबडेपणाने स्पॉकला म्हणतो, खाली तुझाच ग्रह आहे, जाऊन आईवडिलांना भेटून ये. त्यावर स्पॉक शांतपणे सांगतो, हे समोर उभे आहेत ते राजदूत आणि त्यांची पत्नी हेच माझे आईवडील. आणि त्याआधी कर्कने जेव्हा पाहुण्यांना यान दाखवण्याचे काम स्पॉककडे दिलेले असते, तेव्हा सारेक मुलाकडे न पाहता कर्कला सांगतो, वाटाड्या दुसरा कुणी दिलात तर बरे.

इथे मी चित्र थांबवले ते शब्द अडला म्हणून नव्हे. समोर मुलगा उभा असताना तिसऱ्या माणसाकडे पाहून बोलायचे, ही भाषा मला शब्दकोशाशिवाय येते. मी ती पाचव्या वर्षी शिकलो.

आमचे घर शहापुरातले. आजोबांचे चार यंत्रमाग. बाबा पदवीधर झाले तेव्हा आजोबांनी कर्ज काढून आणखी दोन माग घेतले होते, बाबांच्या भरवशावर. बाबा काही वर्षे मागांवर बसले आणि २०१० साली उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबनिसाची नोकरी धरून मोकळे झाले. दोन माग विकावे लागले. त्या रात्री काय बोलणे झाले ते मला आठवत नाही. आईही सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला, तो बारा वर्षे चालला. घर एकच, दार एकच, अंगणातला नळही एकच. (हे छापण्यापूर्वी मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "लिही की. नावं तेवढी घालू नको.")

घरात सर्वांत लहान आणि सर्वांत रिकामा मी असल्यामुळे निरोप्याची नोकरी मला मिळाली. "तुझ्या बापाला सांग की गा, मोटार बंद कर म्हणावं, टाकी भरली." बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर पायरीवर बूट घालीत बसलेले असत. पण मी त्यांच्यापुढे जाऊन "बाबा, टाकी भरली" असे म्हणेपर्यंत ते उठत नसत. मी खेळायला गेलेला असलो तर पाणी अंगणभर वाहत राही आणि दोघे ते पाहत बसत. ऐकू येणे वेगळे आणि निरोप पोचणे वेगळे. आम्हाला १८७२ चा करार कायदा शिकवतात. त्यात प्रस्ताव ज्याच्यासाठी आहे त्याला तो कळला की पोचला असे धरतात. आमच्या घरचा कायदा याहून कडक होता.

पुढे पुढे मी या कामात तयार झालो. "तुझ्या बापाला विचार, घर म्हणजे काय धर्मशाळा आहे काय, रात्री दहाला यायला?" हा निरोप माझ्या तोंडून बाहेर पडताना "आजोबा विचारत होते, उशीर का झाला?" असा पडे. तीन पावलांत चार शब्द गळून जात. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही. उलट बाजूनेही तसेच. बाबा म्हणत, "सांग त्यांना, माझ्या पैशाचा हिशेब मी मागत नाही, त्यांनी माझ्या वेळेचा मागू नये." आजोबांना मिळे ते इतकेच : "महिनाअखेर आहे, ऑफिसात काम जास्त आहे." आजोबा माझ्याकडे बराच वेळ पाहत. त्यांनाही सगळे ऐकू आलेलेच असे.

अमांडा कर्कला भांडणाचे मूळ सांगते ते असे : सारेक ज्या विद्येच्या मार्गाने गेला, तो मार्ग त्याला त्याच्या वडिलांनी दिला होता. स्पॉकनेही त्याच वाटेने जावे अशी त्याची इच्छा होती. स्पॉकने अवकाशदलाची नोकरी पत्करली. झाले. माग काय आणि विज्ञानाची अकादमी काय, गोष्ट तीच. आणखीही एक साम्य मला फार नवलाचे वाटते. सारेक स्वतः जुन्या चाकोरीतला म्हणावा, तर त्याने लग्न केले ते पृथ्वीवरच्या बाईशी. जगावेगळे करायची मुभा त्याने स्वतःला दिली, मुलाला दिली नाही. माझी आई बैलहोंगलकडची, कन्नड घरातली. तिला सून म्हणून पसंत केले ते आजोबांनीच, सुताच्या व्यवहारातल्या ओळखीवर. ते तिच्याशी शेवटपर्यंत कन्नडातून बोलले, 'अव्वा' म्हणून हाक मारीत. भाषेची भिंत ज्या माणसाने सहज ओलांडली, त्याला दोन मागांची ओलांडता आली नाही.

म्हणून स्पॉकला जेव्हा 'अर्धा हा, अर्धा तो' म्हणतात तेव्हा मला ते खटकते. मलाही लोक विचारतात, तू मराठी की कन्नड? आमच्या या मासिकाचे दोन विभाग आहेत आणि हा लेख कुठल्या संपादकांच्या हाती द्यावा हे मी दोन दिवस ठरवू शकलो नाही. पण माणूस काही अर्धी-अर्धी भाकरी नव्हे. स्पॉक आईजवळ पुरता मुलगा आहे आणि बापाजवळही पुरता मुलगा आहे. त्याचे दुखणे वेगळेच आहे. दोन्ही बाजूंना सगळे कळते असा घरात तो एकटाच आहे.

कथेच्या मध्यावर एका राजदूताचा खून होतो. मान मोडण्याची रीत व्हल्कनांची, म्हणून संशय सारेकवर. चौकशी चालू असतानाच सारेक छातीला हात लावून कोसळतो. त्याला हृदयविकाराचे झटके पूर्वीपासून येत होते आणि त्याने ते बायकोपासूनही लपवले होते. (भावना न दाखवणारे लोक दुखणेही दाखवीत नाहीत. हे व्हल्कनवरच घडते असे नाही.) शस्त्रक्रिया करायची तर रक्त पाहिजे, रक्त फार दुर्मीळ गटाचे आणि यानावर ते फक्त स्पॉकचे. रक्त झपाट्याने तयार व्हावे म्हणून द्यायचे औषधही धोक्याचे, मुलगाही जाऊ शकतो. स्पॉक तयार होतो. अमांडाच आधी नको म्हणते, दोघांनाही गमावणार नाही म्हणते. तेवढ्यात हेर कर्कच्या पाठीत सुरा खुपसतो. यानाची सूत्रे स्पॉककडे येतात, मागे एक अनोळखी यान लागलेले असते, आणि आता स्पॉकच रक्त द्यायला नकार देतो. कर्तव्य सोडून मी खोलीत जाऊन आडवा होऊ शकत नाही, म्हणतो.

मग अमांडा त्याच्या खोलीत येते. तो पाच वर्षांचा असताना घरी कसा आला होता, इतर मुले त्याला तू खरा व्हल्कन नाहीस म्हणून कसे चिडवीत, वरून तो कसा दगडासारखा दिसे आणि आत रडतो आहे हे तिला कसे कळे, हे ती सांगते. तो ढळत नाही. वडील मेले तर जन्मभर तुझा तिरस्कार करीन, असे म्हणून ती त्याच्या तोंडात मारते आणि निघून जाते. दार मिटते. त्या मिटलेल्या दारावर स्पॉक नुसता हात ठेवतो.

माझे मित्र म्हणाले, हा कसला मुलगा! मी स्पॉकच्या बाजूचा आहे. तो जे करतो ते बापाने शिकवलेलेच करतो. सारेक त्याच्या जागी असता तर त्यानेही हेच केले असते, हे स्पॉक आईला सांगतोही, आणि ते खरे आहे. भांडण दोघे वेगळे आहेत म्हणून नाही, दोघे एकाच मापाने कातले आहेत म्हणून आहे. आजोबांचा धागा तुटला की ते सबंध माग थांबवीत, गाठ मारल्याशिवाय पुढे जात नसत. बाबा ताळेबंदात चार रुपयांचा फरक आला तर रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसतात. अशी दोन माणसे एका घरात असली म्हणजे तिसऱ्याला काम लागते.

कथेतही कोंडी सोडवतो तो तिसराच. कर्क अंथरुणावरून उठतो, जखम बरी झाल्याचे सोंग आणतो, पुलावर येऊन म्हणतो, डॉक्टरांनी मला मोकळे केले, स्पॉक, तू आता जा. हे साफ खोटे आहे, त्याला धड उभे राहता येत नाही. स्पॉकला कर्तव्यातून सोडवायचे तर दुसरा उपाय नव्हता. कुणी त्याला नियम मोडायला सांगितले नाही की बापाची माया शिकवली नाही. मध्ये उभ्या असलेल्या माणसाने थोडे खोटे सांगून वाट करून दिली. मला या मालिकेतला कर्क एरवी फारसा आवडत नाही, उगाच छाती काढून चालतो. पण या खोट्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ. तीन पावलांत शब्द गाळणाऱ्याला त्याची किंमत कळते.

लढाई, हेराचा शेवट वगैरे मी सांगत बसत नाही. तो भाग कच्चा आहे, आणि निळ्या रंगाची तोंडे पाहून आपल्या स्नेहसंमेलनातल्या रंगभूषेची आठवण होते. हे सगळे संपल्यावर बापलेक शेजारशेजारच्या खाटांवर पडलेले असतात. अमांडा नवऱ्याला म्हणते, मुलाचे आभार मान. सारेक म्हणतो, त्याने तर्काला धरून केले, तर्काचे आभार कोण मानतो? अमांडाचा तोल जातो. तुमच्या त्या तर्काचा मला वीट आला, असे ती ओरडते. आणि मग स्पॉक वडिलांकडे वळून, तोंडावरची रेषाही न हलवता, विचारतो, या फार भावनाप्रधान आहेत नाही? सारेक म्हणतो, पहिल्यापासून अशाच आहेत. मग लग्न का केलेत? सारेक उत्तरतो की त्या वेळी तेच तर्काला धरून वाटले.

अठरा वर्षांनंतरचे हे पहिले बोलणे. यात क्षमा नाही, पश्चात्ताप नाही, मिठी नाही. दोघे मिळून आईची थट्टा करतात, तीही त्यांच्या दोघांच्याच भाषेत, आणि ती ऐकून आई हसते, कारण तिला तिसरीच गोष्ट ऐकू आलेली असते. मराठी चित्रपट असता तर इथे पाय धरले असते आणि मागे सनई वाजली असती.

हा समेट इतका लहान होता की लिहिणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा करावा लागला. १९७३ साली चित्रमालिका निघाली, तिच्यासाठी फोंटानाबाईंनीच 'यस्टरइयर' नावाचा भाग लिहिला. त्यात मोठा स्पॉक भूतकाळात आपल्याच बालपणीच्या घरी जातो, दूरचा नातेवाईक म्हणून राहतो आणि निघताना सारेकला एवढेच सांगतो की आपल्या मुलाला समजून घ्यायचा प्रयत्न करा. मुलाने बापाला निरोप द्यायचा, तोही स्वतःच निरोप्या बनून, परक्याच्या नावाने! १९८६ च्या चौथ्या चित्रपटात सारेक कबूल करतो की तुझ्या नोकरीला विरोध करण्यात माझे कदाचित चुकले असेल. आणि मग विचारतो, आईसाठी काही निरोप आहे का? स्पॉक सांगतो, मला बरे वाटते आहे, असे तिला सांगा. आई त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला त्याला 'कसे वाटते' हे विचारण्याचे महत्त्व सांगून गेलेली असते. त्याचे उत्तर तिला बापाच्या हाती जाते.

पण मला सर्वांत खोल वाटतो तो नव्या मालिकेतला शेवट. १९९० च्या मे महिन्यात 'सारेक' नावाचा भाग झाला. सारेक आता दोनशे वर्षांचा म्हातारा, आजाराने त्याचा भावनांवरचा ताबा सुटत चाललेला. व्हल्कनांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बोटे टेकून मनाशी मन जोडता येते. शेवटची कामगिरी पार पडावी म्हणून सारेक नव्या यानाचा कप्तान पिकार्ड याच्याशी मन जोडतो, आणि म्हाताऱ्याचा जन्मभराचा दाबलेला उमाळा काही तास पिकार्डला सोसावा लागतो. बायकोला, मुलाला कधी न सांगितलेली माया परक्या माणसाच्या तोंडून हुंदक्यांनी बाहेर पडते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, 'युनिफिकेशन' हा दोन भागांचा भाग आला. सारेक वारतो. ती बातमी स्पॉकला पिकार्डच सांगतो. शेवटी निघण्याच्या वेळी कळते की बापलेकांनी जन्मात कधी एकमेकांशी मन जोडलेच नव्हते. पिकार्ड म्हणतो, त्यांनी मला जे दिले ते माझ्याजवळ आहे. स्पॉक हात पुढे करतो, त्याच्या चेहऱ्यावर बोटे टेकतो, आणि मेलेल्या बापाचे मन जिवंत परक्याकडून घेतो.

स्पॉकचे काम करणारे लेनर्ड नेमॉय यांची हकीकत मी नंतर वाचली. सारेक झालेले मार्क लेनर्ड त्यांच्याहून फक्त सहा-साडेसहा वर्षांनी मोठे होते, हे पडद्यावर मुळीच जाणवत नाही. नेमॉय यांचे आईवडील युक्रेनमधून बॉस्टनला आलेले. घरची भाषा यिडिश, बाहेरची इंग्रजी, म्हणजे तेही आमच्यातलेच. वडील न्हावी होते. मुलाने नट व्हावे हे त्यांना पटले नव्हते. नट व्हायचेच असेल तर निदान अकॉर्डियन वाजवायला शीक, पोट तरी भरेल, असे वडील म्हणाल्याचे नेमॉय सांगत. पुढे नेमॉय आणि त्यांचा मुलगा अ‍ॅडम यांच्यातही कित्येक वर्षे बोलणे तुटलेले होते. नेमॉय २७ फेब्रुवारी २०१५ ला वारले, पण त्याआधी दोघांचे जुळले होते. मुलाने २०१६ साली वडिलांवर आणि स्पॉकवर माहितीपट केला आणि २०२४ साली त्या समेटावर पुस्तक लिहिले.

आमच्या घरी पुस्तक लिहिण्यासारखे काही झाले नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दाढी कोण करणार हा प्रश्न आला. न्हाव्याला घरी बोलावले, आजोबांनी त्याला हात लावू दिला नाही. एका रविवारी बाबा पितळेच्या वाटीत पाणी घेऊन त्यांच्यासमोर बसले. आजोबांनी डोळे मिटले. त्यानंतर दर रविवारी हा कार्यक्रम चाले. बाबांचा हात त्यांच्या गालावर असे आणि आजोबा माझ्याकडे वळून अडखळत म्हणत, "बापाला सांग, पाणी लई कढत आहे." मी म्हणे, "बाबा, पाणी कढत आहे." बाबा त्यात थंड पाणी घालीत. पूर्वी टाकी वाहत असताना जे चाले तेच, पण आता मला मध्ये उभे राहायला जागा उरली नव्हती. त्या दोघांत साबणाच्या फेसाइतकेच अंतर होते.

२०२२ च्या जूनमध्ये, आजोबा जाण्यापूर्वी पंधरा दिवस, मी एकटा जवळ होतो. पाऊस लागला होता. शेजारच्या गल्लीतले माग वीज गेल्यामुळे थांबले होते. आजोबा म्हणाले, "तुझ्या बापाला सांग... माग विकले ते बरं झालं. ह्या धंद्यात पोरगं मेलं असतं." मी उठलो. त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. "नको. सांगू नको. राहू दे."

बारा वर्षांत न पोचवण्याचा हा पहिला निरोप. हिशेबात जेव्हा दोन बाजूंचा फरक निघतो आणि कारण सापडत नाही, तेव्हा ती रक्कम तात्पुरती 'सस्पेन्स' खात्यात टाकून पुढे जातात. मी तसेच केले. आजोबांनी 'सांग' आधी म्हटले आणि 'सांगू नको' नंतर. नंतरचे प्रमाण धरायचे एवढे मला माहीत होते. ते खाते तीन वर्षे उघडे राहिले.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी ते १९९१ चे दोन भाग लॅपटॉपवर पाहत होतो. बाबा येऊन मागे उभे राहिले, मग बसले. त्यांना इंग्रजी हिशेबापुरते येते, म्हणून मी ओळीओळीला मराठीत सांगत गेलो. शेवट आला. स्पॉकने बोटे टेकली, चित्र संपले, नावे सुरू झाली. बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "म्हातारा सुटला, पोराला मिळायचं ते मिळालं. तो मधला, त्याचं काय झालं पुढं?"

मी म्हणालो, "तो त्याच्या यानावर परत गेला."

मग मी त्यांना जूनमधले ते वाक्य सांगितले. पुढचे 'सांगू नको' हेही सांगितले, एक शब्द न गाळता. बाबा पडद्याकडेच पाहत होते. त्यांनी विचारले, "तुझ्या आईला म्हणून कन्नडात म्हणाले, की मराठीत?"

"मराठीत."

ते उठतील असे मला वाटले, पण उठले नाहीत. म्हणाले, "तो शेवट पुन्हा लाव बघू." मी लावला. या खेपेस मी मध्ये काही बोललो नाही.